पोर्टर बर्फगार पिऊ नका

लंडनची पोर्टर ही गडद रंगाची बिअर फ्रिजमधून थेट ग्लासात ओतली तर निम्मी चव वाया जाते. बाटली वीसेक मिनिटं बाहेर ठेवा. 10 ते 13 अंश सेल्सिअस छान. (मुंबईतल्या मे महिन्यात दहा मिनिटंही पुष्कळ!) ग्लास उजेडासमोर धरा, काळी वाटणारी बिअर कडेला माणकासारखी लालसर दिसेल. आधी वास घ्या, मग छोटा घोट तोंडात घोळवा. फुलर्स या ब्रुअरीच्या 5.4 टक्के अल्कोहोलच्या लंडन पोर्टरमध्ये कॉफी, कोको आणि किंचित करपलेल्या साखरेची चव लागते. तिच्यातल्या ‘चॉकलेट माल्ट’मध्ये चॉकलेट नसतं बरं का, ती मोड आणून खरपूस भाजलेली बार्ली. सोबत मुरलेलं चेडर चीज हवंच. मसाला शेंगदाणे मात्र लांब ठेवा, तिखटापुढे भाजका स्वाद कळतच नाही.