कोपरं दुखू नयेत म्हणून: महाबळेश्वरला निघण्याआधीचे आठ दिवस

पुणे ते महाबळेश्वर सायकलने साधारण १२० किलोमीटर. वाटेत घाट तीन: कात्रज, खंबाटकी आणि वाई सोडल्यावर पसरणी. पहिल्यांदा निघालेला माणूस पायांची काळजी करत बसतो, आणि वाईत चहाला थांबतो तेव्हा पाय बरे असतात, कोपरं मात्र ठणकत असतात. माझं तसंच झालं होतं. परत आल्यावर मी लगेच हँडल वर करून घेतलं आणि महिनाभर तरीही कोपरं चोळत बसलो. म्हणून आता कुणी विचारलं तर सांगतो: आठ दिवस आधी, शनिवारी सकाळी सायकल भिंतीला टेकवा आणि हँडलला तूर्त हात लावू नका. आधी सीट.

त्याही आधी मापं. सीटचा पाइप फ्रेममध्ये जिथे शिरतो तिथे इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या. पेडलचा दांडा ज्या आसावर फिरतो तिथून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची आणि सीटच्या नाकापासून हँडलच्या मध्यापर्यंतचं अंतर वहीत लिहा, बाजूने एक फोटो काढा. आठवडाभर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तीही ५ मिलिमीटरच्या हिशेबात, आणि मग तासभर चालवून बघायची. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा आला ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

आता सीटवर एक पुठ्ठ्याचं पुस्तक ठेवा, त्यावर मोबाइलमधलं पातळी दाखवणारं ॲप उघडून फोन ठेवा. सीट सपाट हवी, फार तर एखाद-दुसरा अंश पुढे झुकलेली. टोचतं म्हणून सीटचं नाक खाली करणारे खूप जण आहेत. मग माणूस सारखा पुढे घसरतो, हातांनी स्वतःला मागे रेटतो, आणि रेटताना कोपरं ताठ होतात. ताठ कोपरात रस्त्याचा प्रत्येक गचका थेट सांध्यावर येतो. उंची बघायला पेडल सर्वात खाली असताना त्यावर टाच ठेवा, गुडघा जेमतेम सरळ व्हावा. चवडा ठेवला की तोच गुडघा किंचित वाकलेला राहतो. चालवताना कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर सीट वर गेली आहे.

सीट पुढे-मागे सरकवण्यात मात्र बहुतेकांची गल्लत होते. हँडल लांब वाटतं म्हणून सीट पुढे ओढली जाते. अंतर कमी होतं खरं, पण बूडही पुढे येतं आणि धडाचा भार तळहातांवर पडतो. उलट सीट ५ ते १० मिलिमीटर मागे नेली की हात हलके झाल्याचं अनेकदा जाणवतं. खुर्चीतून उठताना आपण पाय मागे घेतो आणि वजन पुढे टाकतो, तोच हा प्रकार, फक्त उलटा. मागे नेताना सीट थोडी लांब जाते, म्हणून उंची पुन्हा मोजा. मग मित्राला सायकल धरायला सांगून नेहमीसारखे बसा आणि तळवे हँडलपासून बोटभर उचला. धाडकन पुढे कोसळत असाल तर अजून भार हातांवरच आहे.

हे जमल्यावर हँडल. नव्या सायकलींत स्टेमखाली-वर (स्टेम म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा आखूड तुकडा) स्पेसरच्या चकत्या असतात. वरची चकती खाली घातली की हँडल तेवढं उचललं जातं. परत बसवताना आधी वरच्या टोपीचा बोल्ट हेलकावा जाईल इतपतच आवळा, मग बाजूचे दोन, स्टेमवर आवळण्याच्या जोराचा जो आकडा छापलेला असतो त्यापलीकडे नाही. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा, खडखड यायला नको. जुन्या पद्धतीच्या सायकलीत हँडलचा दांडा वर ओढता येतो, पण त्यावरची कमाल उंचीची खूण दिसेल इतका कधीच नाही. तरीही हात लांबच जात असतील तर १०० मिलिमीटरऐवजी ८० मिलिमीटरचा स्टेम टाकून बघा; नवी सायकल घेण्यापेक्षा बराच स्वस्त. (दूधवाल्याच्या काळ्या सायकलीचं हँडल मागे वळलेलं असतं आणि तो ताठ बसतो. कॅन वाहूनही त्याने कोपराची तक्रार केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.)

ब्रेकच्या लिव्हरकडे दुकानात कुणी बघत नाही. सपाट हँडलच्या सायकलींवर त्या बऱ्याचदा जवळजवळ आडव्या बसवलेल्या असतात. तशा लिव्हरवर बोटं ठेवायची तर मनगट वर मुडपतं, आणि मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जोडलेले असतात. परतीला पसरणीच्या उतारावर ब्रेक धरून राहिलात की त्याच जागेवर ताण येतो. ५ मिलिमीटरचा एलन (षटकोनी) पाना घ्या, लिव्हर इतकी खाली फिरवा की हात, मनगट आणि बोटं एका रेषेत येतील. लिव्हरच्या मुळाशी असलेल्या बारीक स्क्रूने ती मुठीजवळही आणता येते. छोट्या हातांच्या माणसाने हे करावंच.

हँडल खांद्यांपेक्षा फारच रुंद वाटत असेल तर कापायची घाई नको. मुठी आणि लिव्हर आत सरकवून दोन दिवस चालवा, पटलं तरच करवत. मुठी गुळगुळीत झाल्या असतील तर बदला, कारण निसटतील या भीतीने आपण त्या घट्ट आवळतो.

टायरमध्ये दगडासारखी हवा भरायची सवय सोडा. बाजूला छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते. ३५ मिलिमीटरच्या टायरला, ७० किलोच्या माणसासाठी, ५० ते ६० पीएसआय पुरते. सॅक पाठीवर नको, कॅरिअरवर. पाठीवरचे चार किलो शेवटी हातांवरच उतरतात.

गुरुवारपर्यंत खडकवासल्याला जाऊन या. कोपरं किंचित वाकलेली ठेवा, दर दहा-पंधरा मिनिटांनी पकड बदला, नुसतं उतारावर सोडून न देता हलकं पेडल मारत राहा. पायांवर जोर असला की हात सुटे होतात. परत आल्यावर दुखतंय कुठे ते बघा. बाहेरच्या बाजूला असेल तर लिव्हर आणि पकड. आतल्या बाजूला, सोबत करंगळी आणि अनामिकेत मुंग्या, तर नस दबतेय: सीटचा कोन आणि तळव्याखालचा दाब तपासा. मुंग्या रात्रीही जात नसतील, सूज असेल किंवा पडल्यानंतर दुखायला लागलं असेल, तर पाना ठेवा आणि डॉक्टरकडे जा. महाबळेश्वर पुढच्या महिन्यात.

शुक्रवारी काहीही बदलायचं नाही. ४, ५ आणि ६ मिलिमीटरचे एलन पाने पिशवीत टाका, वहीतली शेवटची मापं एका चिठ्ठीवर उतरवून सोबत ठेवा आणि टेपची खूण नव्या जागी आणा. सीटचा पाइप शिरवळपर्यंत दोन मिलिमीटर खाली घसरला असेल, तर तेवढ्याने कळेल.