ईएमटीचं लायसन्स: अमेरिकेतले परीक्षार्थी नेमके कुठे अडकतात

ईएमटी म्हणजे अँब्युलन्सवर तातडीचे उपचार करणारा कर्मचारी. नॅशनल रजिस्ट्रीची, म्हणजे देशपातळीवर ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेची, परीक्षा पास झाली की लगेच अँब्युलन्सवर चढता येतं, असं समजू नका. रजिस्ट्री देते ते सर्टिफिकेशन. काम करायचं लायसन्स ज्या-त्या राज्याचं असतं. न्यू जर्सीत कोर्स करून पेनसिल्व्हेनियात नोकरी धरायची, तर तिथला अर्ज वेगळा भरावा लागतो.

लेखी परीक्षा दोन तासांची, 70 ते 120 प्रश्नांची. उत्तरं बरोबर येत गेली की प्रश्न कठीण होत जातात, त्यामुळे पेपर अवघड वाटला म्हणून धीर सोडू नका. 70व्या प्रश्नाला परीक्षा संपली, तरी त्यावरून निकाल कळत नाही. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. नापास झाल्यास पुढचा प्रयत्न 15 दिवसांनी.

खरा घोळ होतो तो क्रमाचा. समजा, साठीचे गृहस्थ बेशुद्ध आहेत, तोंडात उलटी आहे, श्वास मिनिटाला 6. आधी काय कराल? आजार ओळखायच्या नादात हुशार मुलंच इथे मार खातात. कुणी बीपीकडे वळतो, कुणी ऑक्सिजनकडे. आधी कुशीवर वळवून सक्शन, म्हणजे नळीने तोंडातली उलटी ओढून काढणं. नाहीतर पुढची प्रत्येक फुंकर उलटी फुप्फुसात ढकलेल. मग अँबू बॅग, म्हणजे हाताने पिळून श्वास द्यायची मास्कची पिशवी. नॉन-रिब्रीदर मास्क (नुसता ऑक्सिजन पुरवणारा मास्क) इथे उपयोगाचा नाही, कारण तो स्वतः पुरेसा श्वास घेणाऱ्यासाठी असतो. मिनिटाला 6 श्वास घेणारा माणूस त्यातला ऑक्सिजन ओढणार कसा?

अँबूवर हात बसायला वेळ लागतो. मास्क चेहऱ्यावर दाबायचा नसतो, जबडा उचलून मास्कमध्ये आणायचा असतो. नाडी असलेल्या मोठ्या माणसाला 6 सेकंदांनी एक श्वास, तोही एका सेकंदात, छाती जेमतेम वर येईल इतकाच. घाबरलेला विद्यार्थी दर दोन सेकंदांनी पिशवी पिळतो. हवा पोटात जाते आणि पुन्हा उलटी. छाती हललीच नाही, तर जोर वाढवू नका. आधी डोक्याची स्थिती नीट करा, मग मास्कची कड कुठे सुटतेय ते पाहा. तरी जमेना, तर दोघांनी मिळून करा: एकाने दोन्ही हातांनी मास्क धरायचा, दुसऱ्याने पिशवी पिळायची.

प्रात्यक्षिकात तोंड बंद ठेवणं महागात पडतं. ग्लोव्ह्ज घातलेत, जागा सुरक्षित आहे का ते पाहिलंय, हे मोठ्याने बोला. मनातल्या मनात केलेल्या तपासणीचे गुण परीक्षक देणार कुठून?

छातीत दुखणाऱ्याला त्याचीच नायट्रोग्लिसरीनची गोळी देण्याआधी बीपी बघा: वरचा आकडा 100च्या खाली असेल तर देऊ नका. सिल्डेनाफिलसारखं (व्हायग्रा) औषध घेतलंय का, हेही विचारा. सासूबाई शेजारी उभ्या असल्या तरी विचारा.

रजिस्ट्रीचं नूतनीकरण दर दोन वर्षांनी होतं. 40 तासांचं शिक्षण लागतं, मुदत 31 मार्चला संपते. राज्याच्या लायसन्सची तारीख वेगळी असू शकते. दोन्ही कॅलेंडरवर लिहून ठेवा.