आवाज येतो पण चित्र दिसत नाही: व्हिडिओ नेमका कशात उघडावा

मोबाइलवरचा व्हिडिओ विंडोजच्या कॉम्प्युटरवर घेतला, डबल क्लिक केलं, आवाज सुरू झाला आणि पडदा मात्र काळाच राहिला, तर फाइल बिघडली असं लगेच समजू नका. एमपी४, एमकेव्ही, एमओव्ही हे नुसते डबे आहेत. आत चित्र एका कोडेकमध्ये, म्हणजे दाबून भरायच्या आणि परत उलगडायच्या एका पद्धतीत, आणि आवाज दुसऱ्याच कोडेकमध्ये भरलेला असतो. आयफोन २०१७ च्या आयओएस ११ पासून ‘हाय एफिशियन्सी’ सेटिंगवर एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५ मध्ये शूटिंग करतो. विंडोजच्या मीडिया प्लेयरला त्यासाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं वेगळं एक्स्टेन्शन लागतं.

व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये बहुतेक सगळे कोडेक आधीच असतात. ते फुकट आहे, पण ते बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्या मूळ साइटवरूनच घ्या. ‘कोडेक पॅक’ टाकायच्या फंदात पडू नका. ते अख्ख्या सिस्टिमच्या सेटिंग्ज हलवतात, आणि एक फाइल चालू करताना दुसरी अडते. फाइलच्या आत काय आहे ते बघायचं तर व्हीएलसीत ती चालू असताना कंट्रोल आणि जे दाबा.

व्हीएलसीतही चालली नाही, तर मोबाइलवरचा आणि कॉम्प्युटरवरचा साइझ ताडून बघा. कमी भरला तर कॉपी अर्धवट झाली आहे. केबल लावून थेट मोबाइलमधूनच प्ले करू नका, आधी कॉपी करा. शूटिंग चालू असताना बॅटरी संपली असेल तर मामला वेगळा: एमपी४ची अनुक्रमणिका बहुधा रेकॉर्डिंग संपताना लिहिली जाते. ती नसेल तर फाइल कितीही मोठी असो, प्लेयरला कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही.

चित्र अडखळत असेल तर व्हीएलसीत टूल्स, प्रेफरन्सेस, इनपुट/कोडेक्स इथे हार्डवेअर डिकोडिंग ‘ऑटोमॅटिक’ करा. उलट हिरवे ठिपके किंवा पट्टे दिसले तर ‘डिसेबल’. सेव्ह करून व्हीएलसी बंद-चालू करायला विसरू नका. इंटेलच्या सातव्या पिढीआधीच्या प्रोसेसरवर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर, १० बिटचा फोर-के एचईव्हीसी बहुधा अडखळणार. तिथे १०८०पी प्रत बघितलेली बरी.

कायमचं ठरवायला फाइलवर राइट क्लिक, ओपन विथ, चूज अनदर ॲप, व्हीएलसी आणि मग ‘ऑल्वेज’. विंडोज १० मध्ये खालच्या चौकटीत टिक करावी लागते. हे दर प्रकाराला वेगळं करावं लागतं. एमपी४ला केलं म्हणून एमकेव्हीला लागू होत नाही. गाणी मात्र मीडिया प्लेयरकडेच राहू द्या, अल्बम तिथे नीट लागतात.

मराठी सबटायटलची एसआरटी फाइल व्हिडिओच्याच फोल्डरमध्ये, त्याच नावाने ठेवा. अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं आली तर ती नोटपॅडमध्ये उघडून ‘सेव्ह ॲज’मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. नोटपॅडमध्येच कचरा दिसत असेल तर मजकूर बहुधा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. तो आधी कन्व्हर्टरमधून काढावा लागेल. नुसते चौकोन दिसले तर सबटायटलचा फॉन्ट निर्मला यूआय करा. ओळी संवादाच्या आधीच येत असतील तर व्हीएलसीत एच दाबत जा, मागे पडत असतील तर जी. एका दाबाला ५० मिलिसेकंदांचा फरक पडतो.