म्हातारपणी आपलं माणूस कागदावर कसं आणावं

साठी ओलांडलेले समलिंगी आणि ट्रान्स लोक गोव्यात पुष्कळ आहेत. देवळाच्या उत्सवात, बँकेच्या रांगेत, कदंबच्या बसमध्ये ते आपल्या शेजारी असतात, आणि बहुतेकांनी याबद्दल आयुष्यभर कोणाकडे अवाक्षर काढलेलं नसतं. मी फोंड्याची. एका वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट होते, आता निवृत्त आहे. माझी जोडीदार आणि मी एकाच घरात म्हाताऱ्या झालो. शेजारी आम्हाला मैत्रिणी म्हणतात, काहीजण मावसबहिणी समजतात, आणि त्यांच्याशी आमचं छान जमतं. पण इस्पितळ, बँक आणि सब-रजिस्ट्रार यांना शेजाऱ्यांचं मत चालत नाही. तिथे कागद लागतो. नोकरीत असले कागद टाइप करण्यात माझा जन्म गेला, म्हणून जे ठाऊक आहे ते लिहिते.

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 377 कलमाच्या जाचातून आपली सुटका केली. 17 ऑक्टोबर 2023 रोजी त्याच न्यायालयाने लग्नाचा हक्क मान्य करायला नकार दिला. म्हणजे आज आपण गुन्हेगार नाही, पण कायद्याने एकमेकांचे कोणीही नाही. वारस, पती-पत्नी, कुटुंब यातल्या कुठल्याच रकान्यात आपलं माणूस आपोआप बसत नाही. जिथे बसवता येतं तिथे हातपाय धड असतानाच बसवून घ्यायला हवं.

पहिलं काम मृत्युपत्राचं. मुंबई-पुण्याच्या मित्रांचा सल्ला इथे डोळे मिटून घेऊ नका, कारण गोव्याचा वारसा कायदा वेगळा आहे. पोर्तुगीज सिव्हिल कोडमधली तत्त्वं पुढे 2012 च्या गोवा वारसा कायद्यात आली. मुलं किंवा आईवडील हयात असतील तर तुमच्या मालमत्तेचा निम्मा भाग त्यांच्यासाठी राखीव असतो, त्याला हात लावता येत नाही. उरलेला निम्मा तुमच्या मर्जीचा. मुलं नाहीत आणि आईवडीलही गेले, अशी स्थिती असेल तर भाऊबहिणींना राखीव हिस्सा नसतो, सगळंच्या सगळं जोडीदाराच्या नावे करता येतं. आपल्यातल्या बहुतेक अविवाहित ज्येष्ठांची स्थिती हीच असते आणि त्यांना ते माहीत नसतं. मात्र मृत्युपत्र केलंच नाही तर तेच भाऊबहीण, आणि ते नसले तर त्यांची मुलं, वारस म्हणून पुढे येतात. ज्याने तुमचं पथ्यपाणी सांभाळलं त्याला घर रिकामं करावं लागतं.

वडिलोपार्जित घराची इन्व्हेंटरी (म्हणजे वारसांमध्ये मालमत्ता वाटून देण्याची कोर्टातली प्रक्रिया) होऊन वाटण्या झालेल्या नसतील तर तुम्हाला फक्त तुमचा अविभक्त हिस्सा देता येतो. 'पश्चिमेकडची खोली आणि पडवी' असं लिहून उपयोग नाही. जमत असेल तर आधी इन्व्हेंटरी उरका.

लग्न करून संसार केलेल्या पुरुषांनी हिशेब नीट समजून घ्यावा. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. घर 40 लाखांचं असेल तर 20 लाख बायकोचे. तुमच्या 20 पैकी 10 मुलांसाठी राखीव. तुमच्या मर्जीचे राहिले 10. या दहांसाठीसुद्धा बायकोला अंधारात ठेवू नये असं मला मनापासून वाटतं. तिनेही त्या लग्नात काही सोसलेलं असतं.

मृत्युपत्र तालुक्याच्या सब-रजिस्ट्रारकडे करायचं. गोव्यात मृत्युपत्र करून घेणाऱ्या विशेष नोटरीचं काम तेच पाहतात. दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला मालमत्ता मिळणार त्याला साक्षीदार करू नका. मजकूर तुमच्यासमोर वाचून दाखवतात, तेव्हा मान हलवत बसू नका, एकेक नाव आणि सर्व्हे नंबर कान देऊन ऐका. नाव आधारवर आहे तसंच, वडिलांचं नाव, वय, घर नंबर, गाव. ट्रान्स व्यक्तीचं जुनं आणि नवं नाव वेगळं असेल तर दोन्ही 'ऊर्फ' लावून घाला, नाहीतर पुढे भांडणाला तेवढंच निमित्त पुरतं. नातं काय लिहायचं, असं कारकून विचारेल. नातं लिहायची सक्ती नाही. 'माझ्यासोबत राहणारी व माझी देखभाल करणारी' एवढं मी कितीतरी जणांसाठी टाइप केलं आहे. वय सत्तरीच्या पुढे असेल तर त्याच आठवड्यातलं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा की मनुष्य शुद्धीत आहे आणि त्याला व्यवहार समजतात. पुतणे कोर्टात गेले तर पहिला हल्ला इथेच होतो.

आता इस्पितळ. काही वर्षांपूर्वी माझ्या जोडीदाराला रात्री दाखल करावं लागलं. काउंटरवरच्या माणसाने मला विचारलं, 'तूं तिची कोण?' मी सांगितलं, आम्ही एकत्र राहतो. त्याने मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि तिचा भाचा पेडण्याहून येईपर्यंत कोणी मला एक शब्द सांगितला नाही. तिला कुठलं औषध सोसत नाही हे त्या भाच्याला ठाऊकच नव्हतं. मला होतं.

म्हणून आमच्या फ्रिजशेजारी खिळ्याला एक निळी प्लास्टिकची फाइल असते. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत रक्तगट, चालू गोळ्या, न सोसणारं औषध, डॉक्टरचा नंबर आणि एक ओळ: 'माझ्या प्रकृतीची सगळी माहिती अमुक व्यक्तीला द्यावी आणि तिला माझ्याजवळ राहू द्यावं, ही माझी इच्छा आहे.' खाली सही, तारीख. मागे आधारच्या झेरॉक्स, विम्याचं कार्ड आणि पुढे सांगते ते दोन कागद. दाखल होताना रुग्ण शुद्धीवर असेल तर ही ओळ त्याच्या तोंडूनही डॉक्टरांना ऐकवा आणि केसपेपरवर लिहायला लावा. शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाच्या उपचाराला त्याची स्वतःची संमती लागते, भाच्याची सही हा नुसता रिवाज आहे.

फाइलमधला पहिला कागद म्हणजे लिव्हिंग विल. बरं होण्याची आशा संपली तर यंत्रांवर ठेवायचं की नाही आणि आपल्या वतीने कोणी बोलायचं, हे त्यात लिहितात. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये याला मान्यता दिली आणि 24 जानेवारी 2023 रोजी पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात, एक प्रत पंचायतीच्या किंवा पालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. गोव्याला हा कागद नवखा नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी 31 मे 2024 रोजी स्वतःचं लिव्हिंग विल केलं, राज्यातलं ते पहिलं. कोणी टाळाटाळ केली तर हे उदाहरण सांगा.

दुसरा कागद मानसिक आरोग्य कायदा 2017 खालचा. मानसिक आजाराच्या उपचारांसाठी साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून कुठल्याही सज्ञान व्यक्तीला आपला प्रतिनिधी नेमता येतं, रक्ताचं नातं लागत नाही. या कायद्याच्या व्याख्येत स्मरणशक्तीचे गंभीर विकारही येतात, त्यामुळे विसरभोळेपणा वाढू लागलेल्या माणसाने हा कागद लगेच करावा. मुखत्यारपत्रावर विसंबून राहू नका. देणाऱ्याची शुद्ध हरपली की साधं मुखत्यारपत्र निकामी होतं, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच.

बँकेचं काम एका सकाळी होतं. समलिंगी जोडीदारांनी संयुक्त खातं उघडायला किंवा एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही, असं केंद्रीय अर्थमंत्रालयाने 28 ऑगस्ट 2024 रोजी स्पष्ट केलं. त्या पत्रकाची छापील प्रत सोबत न्या, कारण शाखेतल्या नव्या मुलांना ते ठाऊक नसतं. खातं 'आयदर ऑर सर्वायव्हर' पद्धतीचं घ्या, म्हणजे एकीच्या माघारी दुसरीला पैसे काढता येतात. 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेवींना चार नॉमिनी ठेवता येतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे ताब्यात घेतो, हक्क वारसाचा. म्हणून नॉमिनीचं आणि मृत्युपत्रातलं नाव एकच ठेवा. आपल्या जोडप्यांना रेशनकार्डासाठी एकच कुटुंब धरावं, असंही केंद्राने 2024 मध्ये राज्यांना कळवलं आहे. तालुक्याच्या नागरी पुरवठा कार्यालयात लेखी अर्ज करा आणि पोचपावती घेतल्याशिवाय निघू नका.

सरकारी नोकरीतल्या जोडीदाराची फॅमिली पेन्शन आपल्याला मिळत नाही, हे आधीच मनाशी धरून चाला आणि बचत तशी करा. कसलीच पेन्शन नसलेल्यांना दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे, साठीनंतर महिन्याला 2000 रुपये. त्यासाठी गोव्यातलं 15 वर्षांचं वास्तव्य आणि कमी उत्पन्न दाखवावं लागतं. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्ड प्रत्येकाने काढावं. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचं संरक्षण आहे, आणि एकटा माणूसही त्यात बसतो.

एक गोष्ट आपल्यातल्या अनेकांना सांगावी लागते. ज्येष्ठ नागरिक कायदा 2007 मध्ये मूलबाळ नसलेल्यांचीही सोय आहे. जो नातेवाईक तुमची मालमत्ता सांभाळतो आहे किंवा ती ज्याला वारशाने मिळणार आहे, त्याच्याकडून निर्वाहखर्च मागता येतो. आणि देखभालीच्या अटीवर पुतण्याला घर बक्षीस दिलं आणि त्याने पाठ फिरवली, तर ते बक्षीसपत्र न्यायाधिकरण रद्द करू शकतं. मात्र अट बक्षीसपत्रात शब्दांत लिहिलेली हवी. वकिलासाठी पैसे नसतील तर 15100 वर फोन करा, तो मोफत कायदेशीर मदतीचा नंबर आहे.

कागदांइतकीच गरज माणसांची. गोव्यात हमसाथ ट्रस्ट समलिंगी पुरुष आणि ट्रान्स व्यक्तींसोबत काम करतं, मुख्यतः एचआयव्हीच्या क्षेत्रात. उपचार आधीच चालू असतील तर बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, एआरटी (एचआयव्हीच्या औषधांचं) केंद्र आहे, एचआयव्हीच्या माहितीसाठी 1097. पर्वरीची संगाथ संस्था मानसिक आरोग्याचं काम करते. रात्री जीव घुसमटला तर टेलिमानसचा 14416 लावा, मराठीत बोलता येतं. म्हाताऱ्यांच्या कुठल्याही अडचणीला एल्डरलाइन 14567. फोनवर आपली सगळी कहाणी सांगायची गरज नाही, 'मी एकटी राहते, मला अमुक मदत हवी' इथून सुरुवात करा. मराठीत मोकळेपणी बोलायचं असेल तर पुण्याचा समपथिक ट्रस्ट 2002 पासून आहे, मुंबईचा हमसफर ट्रस्ट 1994 पासून.

संस्थेत गेल्यावर सगळी पोरं विशी-तिशीची दिसतात आणि आपण परत फिरतो. फिरू नका. त्यांना स्पष्ट सांगा की आम्हा म्हाताऱ्यांना दुपारची वेळ, पायऱ्या नसलेली जागा आणि बसायला पाठ असलेली खुर्ची द्या. मला तरुण मुलांचा याबाबतीत चांगलाच अनुभव आहे. सांगितलं की करतात.

त्याहून जवळचं म्हणजे स्वतःचं लहान मंडळ. आमचं आहे, फोंडा, डिचोली, म्हापसा इथल्या काहीजणांचं. महिन्यातून एकदा एकाच्या घरी जेवण, कधी पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत भेट. ओळख पटल्याशिवाय नव्या माणसाला घरी बोलवत नाही, आधी बाहेर चहा घेतो. सगळ्यात उपयोगी ठरला तो सकाळचा फोन. प्रत्येकाची जोडी ठरलेली, नऊच्या आत एकाने दुसऱ्याला फोन करायचा. उचलला नाही तर अर्ध्या तासाने पुन्हा. तरी नाही, तर शेजाऱ्याला, ज्याच्याकडे जादा किल्ली ठेवलेली असते. डिचोलीचे एक काका न्हाणीघरात पडले होते, ते याच फोनमुळे दुपारच्या आत इस्पितळात पोचले. चवथीला गावातली घरं भरतात आणि आपल्यातले काहीजण दार लावून बसतात, त्या दिवशी दोन फोन करायचे असा आमचा नियम आहे.

ॲपवर ओळख करून मग 'तुझ्या घरी सांगतो, पैसे दे' अशी धमकी देणारे म्हाताऱ्या पुरुषांना हेरतात. एक रुपया देऊ नका. संमतीने भेटणं गुन्हा नाही, खंडणी मागणं भारतीय न्याय संहितेच्या 308 कलमाखाली गुन्हा आहे. मेसेज पुसू नका, त्यांचे फोटो काढून ठेवा. पैसे गेले असतील तर त्याच तासात 1930 लावा, तो सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर आहे. ठाण्यावर एकटे जाऊ नका, मंडळातला एकजण सोबत घ्या.

घरी राहणं अशक्य झालं तर प्रोवेदोरिया या सरकारी संस्थेचे वृद्धाश्रम आहेत, खासगीही आहेत. दोघांनी एकत्र राहायचं असेल तर खोली एकत्र मिळेल का, हे फी विचारण्याआधी विचारा. जेवणाच्या वेळी न सांगता जाऊन बघा. ट्रान्स रहिवाशाला कुठल्या विभागात ठेवणार आणि अंघोळ कोण घालणार, हे लेखी घ्या. उत्तर देताना व्यवस्थापक अडखळला तर दुसरी जागा शोधा.

राहिलं शेवटचं. मृत्युपत्र बहुधा दिवस-कार्य उरकल्यावर उघडतात, म्हणून अग्नी कोणी द्यायचा, दफन की दहन, अंगावर साडी की पँट-शर्ट, हे त्यात लिहून भागत नाही. वेगळं पत्र लिहा आणि त्याच्या प्रती फाइलमध्ये, शेजाऱ्याकडे आणि भावंडांपैकी जो समजूतदार असेल त्याच्याकडे द्या. जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा जोडीदाराला देह ताब्यात घेता यावा, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑगस्ट 2024 मध्ये राज्यांना कळवलं आहे, त्याची छापील प्रत याच पत्राला टाचा. नातेवाईक आहेत पण बोलत नाहीत, अशांनी निदान एकाला तरी आत्ताच फोन करून जोडीदाराचं नाव सांगून ठेवावं. पत्रावर तारीख घाला आणि फोन नंबर बदलले की नवी प्रत करा.