विटा-कौलांच्या जुन्या अटी: इंग्लंडमध्ये घर बांधण्याआधीची तयारी

इंग्लंडमध्ये जुना बंगला पाडून नवं घर बांधायचं असेल, तर आर्किटेक्टला फोन लावण्याआधी लँड रजिस्ट्रीकडून, म्हणजे जमिनीच्या मालकीच्या सरकारी नोंदणी कार्यालयाकडून, त्या जागेचं टायटल रजिस्टर (मालकीची नोंद) आणि टायटल प्लॅन (जागेचा नकाशा) काढून घ्या. रजिस्टरचा तिसरा भाग, म्हणजे जागेवरचे बोजे आणि अटी नोंदवणारं चार्जेस रजिस्टर, नीट वाचा. तिथे एखाद्या जुन्या खरेदीखतातल्या अटींचा उल्लेख दिसला आणि अटी पूर्ण उतरवलेल्या नसतील, तर मूळ खताची प्रत मागवा. एजंटने तोंडी सांगितलेल्यावर विसंबू नका.

ते खत शब्द न् शब्द वाचा. मोठ्या इस्टेटींचे तुकडे पाडून विकणाऱ्यांना उरलेल्या प्लॉटांचा भाव टिकवायचा असे. म्हणून बाहेरच्या भिंती चांगल्या लाल विटांच्याच हव्यात, छप्पर वेल्श स्लेटचं किंवा लाल कौलांचं हवं, घरावर किमान ५०० पौंड खर्च व्हायला हवा, आराखडा विकणाऱ्याच्या सर्व्हेयरने मंजूर करायला हवा, अशा अटी ते घालत. त्यातली ५०० पौंडांची अट आज वाचून पुढे जावं. तिच्या शेजारची विटांची अट मात्र अजून लागू असू शकते; नुसतं वय झालं म्हणून ती रद्द होत नाही. खतात ‘बाहेरच्या भिंती’ म्हटलंय की अख्खं ‘घर’, हे बघा. आत लाकडी सांगाडा आणि बाहेर वीट चालेल का, विटेवर पांढरं रेंडर (बाहेरचा गिलावा) चालेल का, याचा निकाल अशा एखाद्या शब्दावर लागू शकतो. ‘अमुक वापरू नये’ आणि ‘अमुक दुरुस्त ठेवावं’ या दोन प्रकारच्या अटींवर वेगवेगळ्या खुणा करा. पहिली जमिनीबरोबर नव्या मालकाला चिकटू शकते, दुसरी सहसा चिकटत नाही. यात वाक्याच्या रूपापेक्षा त्याचा अर्थ बघतात.

मग अटीचा फायदा आज कुणाला मिळतो, म्हणजे ती पाळायला कोण लावू शकतो, ते सॉलिसिटरकडून (वकिलाकडून) शोधून घ्या. मूळ विकणारा केव्हाच गेलेला असतो, पण त्याने तेव्हा स्वतःकडे ठेवलेली जमीन आज कुणाच्या तरी नावावर असतेच, आणि हक्क बहुधा त्या जमिनीबरोबर गेलेला असतो.

काउन्सिलची प्लॅनिंग परमिशन मिळाली की सगळं मिळालं, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. प्लॅनिंग वेगळं, खतातली अट वेगळी; एक मिळाल्याने दुसरी सुटत नाही.

अट मोडल्याबद्दल पुढे कुणी दावा केला तर नुकसान भरून देणारा विमा मिळतो; त्याची चौकशी शेजाऱ्यांना विचारण्याआधी करा. आपल्याला आधी शेजारी जाऊन चार शब्द बोलायची सवय, आणि एरवी ती चांगलीच आहे. पण अटीविषयी शेजाऱ्यांशी बोलणं झालं असेल तर बऱ्याच विमा कंपन्या पॉलिसी द्यायला तयार होत नाहीत. विमा मिळणारच नसेल, तर मग जरूर जा आणि संमती लेखी घ्या.

तेही जमलं नाही तर १९२५ च्या लॉ ऑफ प्रॉपर्टी ॲक्टच्या कलम ८४ खाली अप्पर ट्रायब्युनलकडे (असे जमिनीचे अर्ज ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) अट बदलून किंवा रद्द करून मागता येते. अट कालबाह्य झाली आहे, किंवा तिच्यातून कुणालाही म्हणावा असा फायदा उरलेला नाही, हे दाखवावं लागतं. हा अर्ज बांधकामाआधी करा, हे मी अगदी कळकळीने सांगते. स्लाउजवळच्या मेडनहेडला एका बिल्डरने अट माहीत असूनही १३ घरं आधी बांधली आणि मग अर्ज केला. ती अट साहित्याची नव्हती, जागा फक्त पार्किंगसाठी वापरण्याची होती. शेजारच्या हॉस्पिसने (गंभीर आजारी मुलांच्या शुश्रूषा केंद्राने) विरोध केला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अट सैल करायला नकार दिला. अट नसलेल्या लगतच्या जागेवर घरं बसवता आली असती, हेही न्यायालयाने लक्षात घेतलं.

स्कॉटलंडचा कायदा निराळा आहे, तिथे तिथलाच सॉलिसिटर गाठा. बिल्डरकडून मात्र दोन कोटेशनं घ्या: एक तुमच्या मनातल्या झिंकच्या छपराचं, दुसरं खतात सांगितलेल्या स्लेटचं. सॉलिसिटरचं लेखी उत्तर येईपर्यंत कुठल्याच मालाची ऑर्डर देऊ नका.