सुईची धास्ती आणि प्रसूतीच्या कळा : या चुका टाळा

‘कळा काढेन, पण सुई टोचून घेणार नाही,’ असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याला हसू येतं. तासन्‌तास कळा द्यायची तयारी, आणि घाबरते कशाला, तर क्षणभराच्या टोचण्याला! पण भीती काही दुखण्याच्या मापाने येत नाही. सुई दिसताच काहींना दरदरून घाम फुटतो, काही जागच्या जागी कोसळतात. ‘एवढंसं तर आहे’ हे ऐकून त्यातल्या एकीचीही भीती गेल्याचं ऐकिवात नाही.

खरी गल्लत पुढे होते. सुईची भीती हा एक प्रश्न, कळांचं दुखणं हा दुसरा. पण सुई नको म्हणून वेदनाशमनच नको, असं ठरवून दोन्ही एकदम निकालात काढले जातात. कळा जोर धरतात, पिशवीचं तोंड सात-आठ सेंटीमीटर उघडतं, निर्धार सुटतो, आणि मग तीच सुई घाईगडबडीत, हात थरथरत असताना टोचली जाते. पुढच्या बहुतेक चुका या एकाच गल्लतीच्या पोटातल्या आहेत.

भीती ऐन वेळेपर्यंत पोटात ठेवणं

गरोदरपणात रक्त अनेकदा तपासलं जातं : हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, संसर्गाच्या चाचण्या. बऱ्याच जणी दात-ओठ खाऊन ते उरकतात किंवा तारीख पुढे ढकलतात. दोन्हींत नुकसानच. उरकलेल्या टोचण्यातून आपल्या भीतीबद्दल काही कळत नाही, आणि टाळलेल्या टोचण्यामुळे भीती अजून मुरते. खरं तर लेबर रूमची रंगीत तालीम करायला याहून बरी जागा नाही. झोपून घेतलं तर बरं वाटतं का बसून, बघितलं तर की मान फिरवली तर, आधी सांगितलेलं आवडतं की न सांगता उरकलेलं, हे इथेच कळतं.

फाइलवर नुसतं ‘सुईची भीती’ लिहून घेऊ नका. मागच्या वेळी नेमकं काय झालं ते लिहायला लावा. चक्कर आली, ओकारी झाली, हात झटकला की रडू कोसळलं? यातल्या प्रत्येकाची तयारी वेगळी असते. सातव्या-आठव्या महिन्यात भूलतज्ज्ञाशी एकदा बोलायची वेळ मागा. भीती इतकी असेल की तपासण्याच चुकतायत, तर समुपदेशकाकडे लवकर जा. आधी सुईचं चित्र बघायचं, मग झाकण लावलेली सिरिंज हातात धरायची, मग दंडाला पट्टा बांधून घ्यायचा, असं पायरीपायरीने पुढे नेणारी पद्धत या भीतीवर चांगली लागू पडते. पण तिला काही आठवडे लागतात, शेवटच्या पंधरवड्यात ती बसवता येत नाही.

चक्कर येणारीला ‘अंग सैल सोड’ सांगणं

ही चूक सर्वांत जास्त होते, आणि करणाऱ्याचा हेतू चांगला असतो म्हणून ती लक्षातही येत नाही. सुईला घाबरणारी माणसं ढोबळमानाने दोन तऱ्हेची. एकीची छाती धडधडते, श्वास वर लागतो, पळून जावंसं वाटतं. दुसरीचं हृदय आधी जोरात धावतं आणि मग एकदम ठोके आणि रक्तदाब दोन्ही खाली येतात. डोळ्यांपुढे अंधारी येते, कानात शीळ वाजते आणि ती कोसळते. पहिलीला शांत श्वासाचा उपयोग होतो : चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर. बोटांना किंवा ओठांना मुंग्या आल्या तर श्वास फार भराभर चाललाय एवढंच समजायचं आणि सोडण्याचा वेळ वाढवायचा.

दुसरीचा रक्तदाब मात्र आधीच घसरणार असतो. तिने अंग सैल सोडलं तर घसरण सोपी होते. तिला स्नायू आवळण्याचं तंत्र हवं. लार्स-योरान ऑस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने 1980च्या दशकात ते विकसित केलं. ज्या हाताला टोचायचं नाही त्याची मूठ घट्ट आवळायची, सोबत मांड्या आणि पोटऱ्या ताणायच्या. दहा-पंधरा सेकंदांत चेहऱ्याला ऊब जाणवू लागते. तशी जाणवली की ताण सोडायचा, पण अगदी लुळं पडायचं नाही, नेहमीसारखं व्हायचं. वीस-तीस सेकंदांनी पुन्हा. असं चार-पाच वेळा. गरोदर बाईने यात दोन फेरफार करायचे : पोट ताणायचं नाही आणि श्वास कोंडायचा नाही. रक्तदाब आधीच वाढलेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. रोज थोडा सराव केला तरच ऐन वेळी आठवतं, नाहीतर लेबर रूममध्ये मूठ आवळायची की सोडायची याचाच घोळ होतो.

शेवटच्या महिन्यांत उताणं झोपून टोचून घेऊ नका. गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडून एरवीही गरगरतं. डाव्या कुशीवर झोपावं.

सुईविना उपायांची नुसती यादी पाठ करणं

गॅस, पाणी, मालीश, टेन्स यंत्र. यादी सगळ्यांना माहीत असते. चुकतं ते कधी आणि कसं वापरायचं तिथे.

गॅस म्हणजे निम्मा नायट्रस ऑक्साइड, निम्मा ऑक्सिजन. तोंडात नळी धरून किंवा मास्क लावून तो ओढायचा. ‘गॅसने काही झालं नाही’ ही तक्रार पुष्कळ वेळा उशिराची असते. असर व्हायला अर्धं मिनिट तरी जातं. कळ टोकाला गेल्यावर नळी तोंडाला लावली तर गॅस चढतो तेव्हा कळ ओसरत असते. बाईला दुखणंही मिळतं आणि गुंगीही. कळेची पहिली चाहूल लागली की ओढायला सुरुवात करा, दीर्घ श्वास घ्या, मास्क चेहऱ्याला नीट चिकटलाय का पाहा, आणि कळ उतरली की बाजूला ठेवा. मास्क स्वतःच धरायचा, दुसऱ्याने धरायचा नाही. गुंगी जास्त झाली की आपला हात आपोआप खाली येतो, ती एक सुरक्षितता आहे. मळमळ आणि हलकेपणा काहींना होतो, सोडल्यावर तो लवकर उतरतो. गॅस दुखणं संपवत नाही, त्याची धार कमी करतो. आणि तो सगळ्याच दवाखान्यांत नसतो, हे दाखल व्हायच्या आधी विचारून ठेवा.

कोमट पाण्याच्या टबाचा पहिल्या टप्प्यात, म्हणजे पिशवीचं तोंड उघडत असताना, चांगला उपयोग होतो. एपिड्युरल (पाठीत बसवलेल्या नळीतून दिलं जाणारं, कळा बधिर करणारं औषध) मागणाऱ्यांचं प्रमाणही त्याने कमी होतं. मात्र पाणी 37.5 अंश सेल्सियसच्या वर जाऊ देऊ नये. शॉवरही चालतो, तो पाठीवर सोडावा. पेथिडिनसारखं गुंगी आणणारं वेदनाशामक इंजेक्शन घेतलं असेल तर लगेच टबात उतरता येत नाही.

टेन्स यंत्राच्या पट्ट्या पाठीला लावतात आणि सौम्य झिणझिण्या सुरू होतात. कळा भरात आल्यावर ते नव्याने लावून फारसा फरक पडत नाही. वापरायचंच तर घरी, सुरुवातीच्या कळांना. पाण्यात अर्थातच नाही.

कळा कमरेत येत असतील तर या सगळ्याआधी साधा उपाय करून बघा : हात-गुडघ्यांवर ओणवं व्हायचं, आणि सोबतच्या माणसाने माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर तळहाताच्या मुळाने कळ असेपर्यंत दाबून धरायचं. चोळायचं नाही, दाबायचं. हात भरून येतात दाबणाऱ्याचे, पण काम होतं.

एपिड्युरल म्हणजे पाठीत सुई घेऊन पडून राहणं, असं समजणं

सुई पाठीत राहत नाही. सुईला घाबरणाऱ्या किती जणींनी केवळ या गैरसमजापायी एपिड्युरल नाकारलं असेल, याचं मला नेहमी वाईट वाटतं. क्रम असा असतो : आधी हाताला सलाईनची सुई. मग पाठ थंडगार औषधाने पुसतात. कातडी बधिर करणारं बारीक इंजेक्शन देतात. ते काही सेकंद चुरचुरतं आणि टोचणं म्हणून जाणवतं ते बहुधा तेवढंच. त्यानंतर मुख्य सुई जाते तेव्हा दाब कळतो. तिच्यातून केसासारखी नाही, पण बारीक, मऊ प्लास्टिकची नळी आत सरकवतात आणि सुई बाहेर काढतात. नळी पाठीला चिकटपट्टीने बसते. पुढचे डोस तिच्यातूनच, पुन्हा टोचायचं नाही. हे सगळं पाठीमागे चालतं, दिसत काहीच नाही.

अवघड भाग वेगळाच आहे : वाकून, न हलता बसणं, तेही कळा येत असताना. कळ सुरू झाली की ‘आली’ म्हणा, भूलतज्ज्ञ थांबतात. चक्कर येणारी असेल तर कुशीवर झोपवूनही एपिड्युरल देता येतं. पण हे आधी बोललेलं असावं. असर पूर्ण व्हायला वीसेक मिनिटं लागतात, तेव्हा ‘आणखी थोडं बघू’ करत शेवटाला नेऊ नका. रक्तदाब उतरणं, अंगाला खाज सुटणं आणि बाळ बाहेर काढायला चिमटा किंवा व्हॅक्यूम लागण्याची शक्यता थोडी वाढणं, हे त्याचे तोटे. तेही तोलून ठरवा, पण सुईच्या चित्रावर ठरवू नका.

टोचणीच मोजायची तर कमरेत किंवा मांडीत दिलेलं वेदनाशामक इंजेक्शन काही तासांत ओसरतं आणि पुन्हा द्यावं लागू शकतं, हेही धरा.

कॅन्युलाला सरसकट नकार

टोचून घ्यायचं की नाही, हा हक्क तुमचाच. जोखीम कमी असलेल्या प्रसूतीत कॅन्युला, म्हणजे सलाईन-औषधं देण्यासाठी हाताच्या शिरेत बसवायची नळी, लावायलाच हवी असं नाही. पण आधीचं सिझेरियन, जुळी, रक्त कमी असणं किंवा आधीच्या वेळी जास्त रक्तस्राव, यांत ती आधीच शांतपणे लावून घेणं शहाणपणाचं. रक्त जात असताना, हात गार पडलेले आणि शिरा आत गेलेल्या असताना ती शोधणं म्हणजे चार-चार टोचण्या. इथेही सुई बाहेर येते, आत मऊ नळी राहते. बाटली न जोडता नुसतं टोपण लावून ठेवता येतं, मग उठबस करायला अडचण नाही.

एक विनंती मात्र करू नका : ‘सर्वांत बारीक लावा.’ कॅन्युलांना रंग असतात. पिवळी 24 नंबरची, निळी 22, गुलाबी 20, हिरवी 18. नंबर जितका मोठा तितकी नळी बारीक. बारीक नळीतून रक्त किंवा सलाईन वेगाने देता येत नाही, म्हणून लेबर रूममध्ये बहुधा हिरवी लागते. बारीक लावून घेतली तर पुढे दुसरी टोचावी लागेल, म्हणजे एकाची दोन.

त्याऐवजी बधिर करणारं मलम मागा. लिडोकेन-प्रिलोकेनचं मलम जाड थरात लावून वर प्लास्टिकची पट्टी, आणि साधारण एक तास थांबायचं. पाच मिनिटांत पुसून ‘काही उपयोग नाही’ म्हणणारे खूप. दोन्ही हातांना लावा, कारण पहिली शीर मिळेलच असं नाही. कातडी पांढरट दिसते, त्याला घाबरू नका. तासभर हातात नसेल तर थंड फवारा असतो, तो काही सेकंदांत काम करतो. पाणी पीत राहा, हात कोमट ठेवा, खाली लोंबू द्या. सुई जाताना खोकल्यानेही काहींना कमी दुखतं. आणि दोनदा शीर चुकली तर तिसऱ्यांदा अनुभवी हात मागा. यात कुणाचा अपमान नाही.

सोबतीला काम न नेमणं

‘मी आहे ना’ पुरत नाही. तुम्हाला आधी सांगितलेलं आवडतं की नाही हे नर्सला सोबतीने सांगायचं, ट्रे तुमच्या नजरेआड ठेवायला लावायचा, मूठ आवळायचे सेकंद मोजायचे. ‘झालंच, झालंच’ असं खोटं म्हणायचं नाही, झाल्यावरच म्हणायचं.

बाळ झालं की टोचणं संपलं असं धरणं

बाळ आल्यावर लगेच ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय आकसवणारं औषध, देतात. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस 10 युनिटची आहे आणि जास्त रक्तस्राव टाळायला ते फार उपयोगी पडतं. मांडीत टोचतात, हाताला कॅन्युला असेल तर तिच्यातूनही देता येतं. टाके घालावे लागले तर एपिड्युरलच्या नळीतून औषध वाढवता येतं, नाहीतर जागा बधिर करायला इंजेक्शन लागतं. दवाखान्यात गॅस असेल तर तिथे तो पुन्हा हातात घ्यायला हरकत नाही, मागून घ्या. रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर 72 तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन, पुढच्या गरोदरपणात बाळाला त्रास होऊ नये म्हणून. सिझेरियननंतर काही जणींना रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून काही दिवस पोटाच्या कातडीखाली इंजेक्शनं देतात. ती तुम्हाला लागतील का, घरी कोण देणार, हे नवव्या महिन्यातच विचारून घ्या. आणि बाळाला व्हिटॅमिन केचं इंजेक्शन देताना तुम्ही खोलीत थांबायलाच हवं असं नाही. सोबतीच्या माणसाला बाळापाशी उभं करा.