गोळीआधी उणीव शोधा: जीवनसत्त्वे व अँटिऑक्सिडंट सप्लिमेंट निवडण्याची रीत, डाउन सिंड्रोम असलेल्या घरांसाठीही

दीर्घकाळ निरोगी राहण्यासाठी जीवनसत्त्वांची एखादी गोळी सुरू करण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून काढावे: ही गोळी शरीरातली नेमकी कोणती उणीव भरून काढणार आहे? उणिवेचे नाव लिहिता आले आणि रक्ततपासणी, आहार, वय किंवा चालू औषधे यांपैकी कशावरून तरी ती दाखवता आली, तर त्या गोळीला काम आहे. उत्तरादाखल ‘इम्युनिटी’, ‘अँटिऑक्सिडंट’, ‘मेंदूची वाढ’ एवढेच शब्द सुचत असतील, तर ती घेण्याचे कारण अजून सापडलेले नाही. ही कसोटी सर्वांनाच लागू पडते. मात्र ज्या घरात डाउन सिंड्रोम (जन्मजात गुणसूत्रदोष) असलेले मूल किंवा प्रौढ व्यक्ती आहे, त्या घराने ती अधिक काटेकोरपणे लावावी, कारण आईवडिलांच्या आशेवर विकल्या जाणाऱ्या महागड्या डब्या अशाच घरांत अधिक पोहोचतात.

आधी घरात आहे ते मोजावे

गोव्यात हे काम वाटते त्यापेक्षा मोठे असते. फार्मसीतून आणलेल्या पट्ट्या, डॉक्टरांनी दिलेले टॉनिक, आणि दुबईहून किंवा लंडनहून आलेल्या नातेवाइकांनी प्रेमाने दिलेल्या मोठ्या बाटल्या व गमीज, असे सगळे एकाच घरात एकाच वेळी चालू असते. हे सर्व टेबलावर मांडून प्रत्येकातले ए, डी, ई, बी-६, लोह, जस्त आणि सेलेनियम यांचे रोजचे प्रमाण एका तक्त्यात लिहावे आणि बेरीज करावी. मल्टिव्हिटॅमिन, कॉड लिव्हर तेल आणि मुलांचे सिरप या तिन्हींत ए जीवनसत्त्व असू शकते, आणि तिघांची बेरीज मर्यादेच्या पलीकडे गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. प्रौढांसाठी रेटिनॉलच्या रूपातील ए जीवनसत्त्वाची वरची मर्यादा दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १०,००० आययू (आंतरराष्ट्रीय एकके) आहे. एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी ती केवळ ६०० मायक्रोग्रॅम आहे. जास्तीचे ए यकृतात साठते, आणि गर्भारपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत ते गर्भाला अपाय करू शकते.

परदेशी आणि भारतीय वेष्टनांवरील एकके वेगवेगळी असतात, म्हणून बेरीज करताना एवढे लक्षात ठेवावे की डी जीवनसत्त्वाचा १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू. डी जीवनसत्त्वाची ६०,००० आययूची पुडी आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाते. ती बहुधा आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती रोज घेतली गेली, तर रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, सतत तहान, बद्धकोष्ठता आणि मूत्रपिंडाला इजा, इथवर मजल जाते. पुडी घेण्याचा वार कॅलेंडरवर लिहून ठेवावा आणि शेवटची तारीखही तिथेच लिहावी.

अँटिऑक्सिडंटचा दावा कसा तपासावा

या दाव्यामागचा विचार वेडगळ नाही. पेशींत ऊर्जा तयार होताना ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू निर्माण होतात, ते पेशींना इजा करतात, आणि फळे-भाज्या भरपूर खाणाऱ्या लोकांत काही आजार कमी दिसतात. तेव्हा त्यांतील अँटिऑक्सिडंट वेगळे काढून गोळीतून द्यावेत, असे अनेक जाणत्या शास्त्रज्ञांना वाटले. त्यांनी ते प्रामाणिकपणे तपासलेही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले, तेव्हा रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक निघाले. अमेरिकेतील अशीच दुसरी चाचणी, जिच्यात बीटा-कॅरोटिनबरोबर ए जीवनसत्त्वही दिले जात होते, १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. ई जीवनसत्त्व रोज ४०० आययू घेणाऱ्या निरोगी पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. त्या चाचणीत ३५,००० हून अधिक पुरुष होते.

यावरून घेण्याजोगा नियम सरळ आहे. जो धूम्रपान करतो किंवा पूर्वी करीत होता, त्याने बीटा-कॅरोटिनची गोळी घेऊ नये. पपई, गाजर, तांबडी भाजी यांच्याविषयी मात्र अशी कोणतीही शंका नाही. हृदयविकार किंवा कर्करोग टाळण्यासाठी म्हणून ई जीवनसत्त्वाची मोठी मात्रा कोणीच घेऊ नये. साध्या मल्टिव्हिटॅमिनविषयी निष्कर्ष सौम्य आहेत: पन्नाशीपुढील पुरुष डॉक्टरांवरील एका दीर्घ अमेरिकी चाचणीत एकूण कर्करोग सुमारे ८ टक्क्यांनी कमी दिसला, हृदयविकारात फरक दिसला नाही. ज्याचा आहार तुटपुंजा आहे अशा वृद्धाने साध्या मात्रेची एक गोळी घेतली तर माझा आक्षेप नाही. तिच्याकडून आयुष्यवाढीची अपेक्षा मात्र ठेवू नये.

डाउन सिंड्रोम: विचार बरोबर वाटला, चाचणीत उतरला नाही

डाउन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती असतात, हे १९५९ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी दाखवून दिले. याच गुणसूत्रावर सुपरऑक्साइड डिस्म्युटेज या विकराचे (एन्झाइमचे) जनुक आहे, त्यामुळे ते विकर सुमारे दीडपट तयार होते. हे विकर एका घातक रेणूचे रूपांतर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये करते. पुढे त्या पेरॉक्साइडची विल्हेवाट लावणारी विकरे त्याच प्रमाणात वाढत नाहीत, आणि मधल्या मध्ये पेशींवरचा ताण वाढतो. यांपैकी एका विकराला सेलेनियम लागते. मग सेलेनियम, जस्त आणि ए, सी, ई जीवनसत्त्वे दिली तर मुलाची वाढ सुधारेल, असा तर्क निघाला, आणि ‘खास डाउन सिंड्रोमसाठी’ म्हणून मिश्रणे विकली जाऊ लागली.

हा तर्क इंग्लंडमध्ये नीट तपासला गेला. सात महिन्यांपेक्षा लहान १५६ बाळांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गटांत विभागून अँटिऑक्सिडंट, फोलिनिक आम्ल (फॉलिक आम्लाचे एक रूप), दोन्ही किंवा निष्क्रिय पूड दिली गेली. दीड वर्षानंतर विकासात, भाषेत किंवा रक्तातील संबंधित खुणांतही गटागटांत अर्थपूर्ण फरक नव्हता. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. अल्झायमर असलेल्या डाउन सिंड्रोमच्या ५३ प्रौढांवरील दोन वर्षांच्या चाचणीत ई, सी आणि अल्फा-लिपोइक आम्ल यांनीही ऱ्हास रोखला नाही. त्याआधी, १९८१ मध्ये, मोठ्या मात्रेच्या जीवनसत्त्वांनी बुद्ध्यंक वाढल्याचा एक छोटा अहवाल गाजला होता; नंतरच्या नियंत्रित चाचण्यांत तो परिणाम पुन्हा मिळाला नाही. त्याच जुन्या अहवालाचा आधार घेऊन कोणी डबी पुढे केली, तर आईवडिलांनी संकोच न करता नकार द्यावा. मुलासाठी काही करायचे राहून गेले, असे त्यातून मुळीच होत नाही.

कारण करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्याचा उपयोग सिद्ध झालेला आहे. अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींचे सरासरी आयुर्मान १९८३ मध्ये सुमारे २५ वर्षे होते, ते आज ६० च्या आसपास आहे. त्याचे मोठे श्रेय जन्मजात हृदयदोषांवरील शस्त्रक्रियांना आणि नियमित वैद्यकीय देखभालीला जाते. म्हणून पैसे आणि वेळ आधी पुढील तपासण्यांवर खर्च करावेत.

थायरॉईडची टीएसएच तपासणी जन्मानंतर, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी करावी. मूल मंदावले, बद्धकोष्ठता वाढली, वजन वाढू लागले की ‘डाउनमुळेच असेल’ असे म्हणून सोडून देण्याची सवय घातक आहे. थायरॉईड कमी असेल तर त्यावर स्वस्त आणि खात्रीचे औषध आहे. लोहासाठी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) पाहावे, कारण डाउन सिंड्रोममध्ये तांबड्या पेशी मुळातच आकाराने मोठ्या असतात आणि लोहाच्या कमतरतेने होणारे त्यांचे लहानपण साध्या अहवालात झाकले जाते. त्याच कारणाने केवळ पेशी मोठ्या दिसल्या म्हणून बी-१२ कमी आहे, असेही ठरवू नये. वजन न वाढणे, पोट फुगणे, वारंवार जुलाब ही लक्षणे असतील तर सीलिअॅक आजाराची, म्हणजे ग्लूटेन या गव्हातील प्रथिनामुळे आतड्याला इजा होणाऱ्या विकाराची, चाचणी करावी. मात्र रक्त देण्याआधी पाव, पोई, चपाती बंद करू नये, कारण गहू थांबवल्यावर ही चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते. आजार निघालाच, तर गहू, जव आणि राय यांतले ग्लूटेन सोडणे हाच उपचार आहे, आणि आपल्याकडे भात व नाचणी असल्यामुळे तो इतर प्रांतांपेक्षा सोपा जातो. श्रवण, दृष्टी आणि झोपेतील श्वास यांच्या तपासण्याही जीवनसत्त्वांच्या आधी येतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या ज्या आरोग्यस्थिती तपासल्या जातात, त्यांत डाउन सिंड्रोमचा समावेश आहे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याविषयी विचारावे आणि तिथून बांबोळीच्या गोमेकॉतील (गोवा मेडिकल कॉलेजातील) बालरोग विभागाकडे पाठवणी मागावी. चाळिशीच्या पुढच्या प्रौढांत विसरभोळेपणा किंवा अबोलपणा आला, तर अल्झायमरची शक्यता खरोखरच मोठी असते, कारण अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अॅमिलॉइड प्रथिनाशी संबंधित जनुकही २१ व्या गुणसूत्रावरच आहे. तरीही आधी थायरॉईड, बी-१२, ऐकू येणे, मोतीबिंदू आणि झोप तपासावी; यांतले बरेच काही दुरुस्त होते.

खऱ्या उणिवा आणि गोव्याचे ताट

बांगडा, तारले आणि तिसऱ्या खाणाऱ्या घरात बी-१२ कमी पडण्याचा संभव कमी; श्रावणात किंवा चतुर्थीच्या दिवसांत मासळी बंद ठेवली म्हणून गोळी लागत नाही, कारण यकृतातला साठा दीर्घकाळ पुरतो. वर्षभर शाकाहारी असणाऱ्यांनी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी आणि आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी मात्र बी-१२ तपासून घ्यावे, आणि ते तपासल्याशिवाय फॉलिक आम्लाची मोठी मात्रा सुरू करू नये, कारण त्याने रक्त सुधारते पण मज्जातंतूंची इजा आतल्या आत चालू राहते. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीने महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घ्यावे. ते मज्जारज्जूचे जन्मदोष टाळते, डाउन सिंड्रोम टाळण्यासाठी ते नाही. तान्ह्या बाळाला पहिल्या वर्षी रोज ४०० आययू डी देण्याची भारतीय बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे.

आयोडीनविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. मिठागरातले जाडे मीठ आपल्या चवीचे असले, तरी पारंपरिक मिठात आयोडीन मिसळलेले नसते. घरात तेवढेच वापरत असाल, तर रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठ आणावे. पण डाउन सिंड्रोममधील थायरॉईडचा दोष सहसा आयोडीनअभावी होत नाही, म्हणून समुद्रशैवालाच्या गोळ्या देऊन तो सुधारण्याचा प्रयत्न करू नये. तो बिघडूही शकतो.

वेष्टन, वेळ आणि इतर औषधे

भारतात विकल्या जाणाऱ्या हेल्थ सप्लिमेंटवर एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ या अर्थाची सूचना असते. ज्या डबीवर ही सूचना आहे आणि जिचा विक्रेता ती आजार बरा करते असे सांगतो, तिथे विक्रेत्याचे नव्हे, डबीचे खरे मानावे. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ म्हणून घटकांची वेगवेगळी मात्रा लपवलेली असेल तर ती घेऊ नये.

थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी, आणि लोह किंवा कॅल्शियम तिच्यापासून चार तास दूर ठेवावे. एकत्र घेतल्यास थायरॉईडचे औषध नीट शोषले जात नाही आणि डॉक्टर विनाकारण मात्रा वाढवत राहतात. केस-नखांच्या गोळ्यांतले बायोटिन काही प्रयोगशाळांच्या पद्धतीत टीएसएच खोटे कमी दाखवते, म्हणून ते रक्त देण्याच्या किमान दोन दिवस आधी थांबवावे आणि डॉक्टरांना सांगावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याने के व ई जीवनसत्त्व किंवा माशाच्या तेलाच्या कॅप्सूल स्वतःहून सुरू करू नयेत. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत रक्ताच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो. त्या कर्करोगावर उपचार चालू असतील, तर साधे मल्टिव्हिटॅमिनसुद्धा तज्ज्ञांना विचारूनच द्यावे, कारण त्यातील फॉलिक आम्ल मेथोट्रेक्सेट या कर्करोगावरील औषधाच्या कामात अडथळा आणू शकते.

एका वेळी एकच नवी गोळी सुरू करावी, कशासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत ते लिहावे, आणि साधारण तीन महिन्यांनी तीच तपासणी पुन्हा करावी. पातळी भरली असेल तर डॉक्टरांना विचारून मात्रा कमी करावी किंवा थांबवावी. स्नायू शिथिल असलेल्या मुलाला मोठी कॅप्सूल घशात अडकू शकते. त्याच्यासाठी सिरप मागावे, आणि गोळी कुस्करण्यापूर्वी ती कुस्करण्याजोगी आहे का, हे फार्मासिस्टला विचारावे.

पावसाळ्यातल्या दमट हवेत गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरू नयेत. बाटलीतल्या असतील तर झाकण घट्ट लावून, कोरड्या कपाटात, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवाव्यात. लोहाच्या गोळ्या आणि गमीज तर कुलपातच असाव्यात. मुलाने त्या एकदम खाल्ल्या असे कळले, तर लक्षणांची वाट न पाहता १०८ ला फोन करावा आणि उरलेली बाटली बरोबर न्यावी, म्हणजे किती लोह पोटात गेले त्याचा हिशेब इस्पितळात लगेच करता येतो.